अ‍ॅनिमोनीला कोळंबी भरवताना

बबल टिप अ‍ॅनिमोनी (फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी) घरी आणून आज अकरा दिवस झाले. माझा खाऱ्या पाण्याचा टँक आठ महिने जुना आहे म्हणून धाडस केलं, नवीन टँकमध्ये ही बया टिकत नाही. पहिल्या रात्री ती खडकावरून निघाली आणि सकाळी पार मागच्या काचेला चिकटलेली, माझा जीव वर-खाली, कारण तिथून वीतभर अंतरावर पंप होता आणि ह्या फिरता फिरता त्यात अडकल्या की चिंधड्या होतात. पंपाला लगेच स्पंज लावला.

खायला कोळंबी. मासळीवालीकडून ताजी घ्यायची, मीठमसाला काही नाही, सोलून वाटाण्याएवढा तुकडा, चिमट्याने तिच्या शुंडकांवर, म्हणजे बोटांसारख्या लोंबत्या हातांवर, अलगद टेकवायचा. ते चिकटतात आणि हळूहळू मिटत तोंडाकडे नेतात, बघतच बसावं. मी पहिल्यांदा हौसेने मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी बाईंनी तो तसाच पांढरा बुळबुळीत करून बाहेर टाकला, आई म्हणाली, "बघ, तुझ्यासारखीच नखरेल!" आता आठवड्यातून एकदाच. बरंचसं अन्न तिच्या अंगातलं शेवाळच उजेडावर बनवतं, त्यामुळे लाईट चांगला पाहिजे, रोज भरवायची गरज नाही.

कधी ती आक्रसून तपकिरी घाण टाकते, तेव्हा घाबरू नका. पण तोंड उघडंच राहिलं आणि वास आला तर लगेच बाहेर काढा, नाहीतर सगळं पाणी नासेल.

समुद्रात अशा बयांच्या शुंडकांतच घर करणारा मासा म्हणजे क्लाउनफिश, पण माझा अजून तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीये, हीटरमागेच झोपतो गाढव.