स्टॉपर बॅकचं मनोगत

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त शाळेच्या फुटबॉलवर चार ओळी लिहा, असा संपादकांचा निरोप आला. माझं शालेय फुटबॉल तेवढ्यात आरामात बसतं: स्टॉपर बॅकला, म्हणजे आपल्या गोलसमोर बचावाला खेळलो, गोल एकही नाही. उरलेली जागा मी डेरिक परेरा यांना देतो. ते आपल्या शाळेचे नव्हेत, गोव्याचे. पण ते बॅक होते, आणि बॅकवर कुणी लिहीत नाही.

आमचे खेळाचे सर आम्हा बॅकवाल्यांना हात पाठीमागे धरून उलटं पळायला लावत आणि समोरून फॉरवर्ड सोडत. 'त्याच्या पायांकडे बघू नकोस, बॉलकडे बघ!' मैदानात खडी होती. गोल मारणाऱ्याला प्रार्थनेच्या वेळी टाळ्या मिळत, आमच्या वाट्याला आयोडीन.

परेरा साळगावकर संघाचे बचावपटू, भारताकडूनही खेळले. मला मात्र ते माहीत झाले प्रशिक्षक म्हणून. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५ साली फेडरेशन कप आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. तोवर ती लीग मुंबईच्या एकाही संघाला मिळाली नव्हती. पुढे ते पुणे एफसीला आले आणि आम्हा जुन्या मंडळींना बालेवाडीला जायला निमित्त मिळालं. स्टेडियम भरायचं नाही, त्यामुळे हवं तिथे बसता यायचं. मी मुद्दाम आपल्या गोलच्या बाजूला बसे. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगचं पुढचं रूप) पुणे एफसी उपविजेते ठरले, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. पुण्यातल्या पेपरांनी त्याची घ्यावी तेवढी दखल घेतली नाही, असं माझं अजून म्हणणं आहे.

मग ते साळगावकरला परतले आणि २०१४ चा ड्युरँड कप जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोण, तर पुणे एफसी! त्या दिवशी कुणाच्या बाजूने ओरडावं हेच मला कळेना. नंतर पुन्हा पुण्यात, डीएसके शिवाजियन्सकडे, मग चर्चिल, २०१९ मध्ये २३ वर्षांखालील भारतीय संघ. एफसी गोवात ते टेक्निकल डायरेक्टर होते. २०२१ च्या डिसेंबरात, ऐन हंगामात, तिथले प्रशिक्षक हुआन फेरांडो मोहन बागानला निघून गेले, तेव्हा संघ परेरांच्याच हाती आला. सुटलेला बॉल मागच्याने अडवायचा, ही बॅकची जुनीच नोकरी.

हरल्यावर प्रशिक्षकाला घरी पाठवतात, हे जगभर चालतं. आपल्याकडे संघच घरी जातो. लीग जिंकलेलं महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झालं. पुणे एफसी गेलं, डीएसके शिवाजियन्स गेलं. महाराष्ट्रात परेरांनी सांभाळलेल्या या तीन संघांपैकी आज एकही नाही. साळगावकरनेही २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं.

हे सगळं पाहिल्यावर आपल्या शाळेचा संघ पंचाहत्तर वर्षं टिकला, याचं मला फार अप्रूप वाटतं. नव्या इमारतीने मैदान निम्मं खाल्लं, तरी मुलं संध्याकाळी खेळतात. अमृतमहोत्सव निधीतली माझी रक्कम गोलच्या जाळीसाठी धरावी, ही विनंती. परवा पाहिली, रस्त्याकडची जाळी खालून फाटली आहे आणि गोल झाला की बॉल थेट रिक्षास्टँडवर जातो.