न्यूरल ट्यूब त्वचेपासून सुटते कशी, आणि ते ३३ तासांच्या अंड्यात कसं पाहावं

गर्भात त्वचा वेगळी आणि मज्जारज्जू (म्हणजे न्यूरल ट्यूब या नळीतून होणारा भाग) वेगळा कसा होतो? ‘जनुकं ठरवतात’ हे परीक्षेपुरतं उत्तर झालं. जनुकं पेशीला ओळख देतात. फारकत होते ती पेशींच्या पकडीमुळे.

१९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर या भ्रूणशास्त्रज्ञांनी उभयचरांच्या गर्भातल्या पेशी अल्कधर्मी द्रावणात सुट्या केल्या, एकत्र कालवल्या आणि द्रावण पूर्ववत केलं. त्या गोळ्यात त्वचेच्या पेशी बाहेर आल्या, मज्जारज्जू घडवणाऱ्या आत गेल्या. यामागचं कारण मांडणारे जीवशास्त्रज्ञ स्टाइनबर्ग यांच्या मते ज्यांची आपसांतली पकड घट्ट त्या आत जातात, सैल त्या बाहेर राहतात. पकड मुख्यतः कॅडहेरिन या प्रथिनांची, आणि कॅल्शियमशिवाय ती टिकत नाही. पेशीच्या कडेखालचा अ‍ॅक्टिन-मायोसिन या आकुंचन पावणाऱ्या तंतूंचा ताणही यात भाग घेतो, हे पुढे कळलं.

न्यूरल प्लेट, म्हणजे वळून न्यूरल ट्यूब होणारी पेशींची पट्टी, वळू लागली की तिच्या पेशी ई-कॅडहेरिन हा प्रकार सोडून एन-कॅडहेरिन हा प्रकार धरतात. त्वचा ई-वरच राहते, म्हणून नळी मिटल्यावर सुटते. बेडकाच्या गर्भात त्वचेलाही एन-कॅडहेरिन बनवायला लावलं, तर ही सोडवणूक बिघडते.

कोंबडीच्या अंड्यात पाहायचं, तर गोव्यात पहिली अडचण अंड्याचीच. दुकानातली फार्मची अंडी फलित नसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गावठी असू शकतात, पण कधी घातली ते विचारून उपयोग नाही. साधारण २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, त्यामुळे मे महिन्यात टेबलावर पडलेल्या अंड्याची वाढ वेडीवाकडी होते. हॅचरीतून आणा, १३ ते १६ अंशांत ठेवा, आठवड्याच्या आत वापरा. फ्रिजची थंडी फार होते.

इन्क्युबेटर ३७.५ ते ३८ अंशांवर, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. पावसाळा आहे म्हणून पाण्याचा ट्रे काढू नका: बाहेरची २८ अंशांची ९० टक्के दमट हवा आत तापली की पन्नाशीवर येते.

अंडं आडवं ठेवा, म्हणजे गर्भ वर येतो. ३३ ते ३८ तासांनी फोडा. बलकावरचा पातळ पांढरा भाग टिश्यूने टिपून घ्या. तो राहिला की गर्भ उचलायची फिल्टर पेपरची रिंग घसरते, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. रिंग गर्भाभोवती टेकवा, बाहेरून कापा, उचलून सलाइनमध्ये सोडा. एक लिटरला ७.२ ग्रॅम मीठ, ०.३७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, ०.२३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. हाताशी आहे म्हणून साधं पीबीएस (प्रयोगशाळेतलं फॉस्फेटयुक्त सलाइन) घेतलंत, तर त्यात बहुधा कॅल्शियम नसतं; गर्भ बराच वेळ तसाच राहिला की कडा विस्कटतात आणि दोष मात्र गर्भ हाताळायच्या सुईला देतात.

वहीत तासांपेक्षा सोमाइटच्या, म्हणजे नळीच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या ठोकळ्यांच्या, जोड्या लिहा. एक जोडी साधारण ९० मिनिटांत होते. दहा जोड्यांच्या गर्भात डोक्याकडची नळी बरीच मिटलेली असते, शेपटाकडे प्लेट अजून उघडी, म्हणजे एकाच गर्भात दोन्ही अवस्था. मात्र वरून कडा जुळलेल्या दिसल्या म्हणून नळी सुटली असं समजू नका. ते आडव्या छेदातच कळतं.