गाठ कशाने गेली?

"तुम्ही नक्की काय घेत होतात?" भिशीत, लग्नात, कधी अनोळखी नंबरावरून फोन करूनही मला हे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगते: काहीच नाही. सांगितलं तेव्हा एमआरआय काढत राहिले, बस.

सिझरनंतर काही महिन्यांनी पोटाच्या भिंतीत कडक गाठ हाताला लागायला लागली. सोनोग्राफीच्या रिपोर्टात सार्कोमाची शंका, म्हणजे कॅन्सरचीच. घरात कुजबूज सुरू झाली. सासूबाई नवस बोलल्या. आत्या गव्हांकुराचा रस पाठवायच्या, तो तुळशीला जायचा. बायोप्सीत मात्र डेस्मॉइड निघाला. जखम सांधणाऱ्या तंतुमय पेशी काम संपलं तरी वाढतच राहतात, तसला हा प्रकार. बहुतेकांच्या गाठीत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडतो. गाठ शेजारच्या स्नायूत घुसते, पण फुप्फुसात किंवा यकृतात पसरत नाही. बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतीत ती होते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे.

पूर्वी ती सर्रास कापून काढत, आणि ती पुष्कळदा तिथेच परत येई. आता बहुधा आधी नुसती नजर ठेवतात, कारण काही गाठी आपोआप आक्रसतात. का आक्रसतात, याचं नीट उत्तर अजून कुणाकडे नाही. 2018 साली सोराफेनिब या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांपैकी 33 टक्के लोकांच्या गाठी ठळकपणे लहान झाल्या होत्या, आणि औषध नसलेली, नुसती तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांपैकी 20 टक्के लोकांच्याही! हा दुसरा आकडा माझा लाडका आहे. मी तो रस पीत असते, तर आज तुम्हाला रसाचं प्रमाण सांगत बसले असते, तेही अगदी मनापासून. (नवसाचं श्रेय सासूबाईंनी घेतलंच. त्यावर मी वाद घालत नाही.)

सगळ्यांचं असं होत नाही. आतड्याच्या पडद्यातली डेस्मॉइड गाठ आतडं आवळू शकते. वाढत्या गाठींसाठी अमेरिकेत 2023 मध्ये निरोगासेस्टॅट या औषधाला मान्यता मिळाली, ती उगाच नाही. माझीही पुरती गेलेली नाही. एमआरआयमध्ये वाटाण्याएवढी दिसते.

परवा एका ताईंनी विचारलं, वहिनींची केमो थांबवून थोडी वाट बघू का? मी आधी बायोप्सीचा रिपोर्ट मागितला. त्यात अंडाशयाचा कॅन्सर लिहिला होता. म्हटलं, सोमवारची केमो चुकवू नका, आणि माझ्या गाठीचं त्यांना काहीही सांगू नका.