शुगर आहे, तरी भात खाता?

लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला हमखास येतो. माझ्या पानात वरणभाताची मूद दिसली की शेजारची बाई आधी मुदीकडे बघते, मग माझ्याकडे. मला ११ वर्षं मधुमेह आहे आणि उभी हयात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून ‘तुम्हीच असं करायला लागलात तर आम्ही काय करायचं?’ हेही ऐकून घ्यावं लागतं. तर, हो. खाते. तुम्ही विचारलंत म्हणून कारणही सांगते.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी दंडावर साखर सतत मोजणारे १४ दिवसांचे सेन्सर लावून घेतले. ह्यांनाही मधुमेह आहे, गोळीसुद्धा एकच. एकाच कुकरमधला भात, एकच आमटी, वाटीही मापाची. माझी रेषा टेकडीसारखी चढून उतरली, ह्यांची कड्यासारखी ताठ वर गेली. पोळीच्या दिवशी बरोबर उलट! मी सोलापूरची, भाकरीवर वाढलेली. हे रत्नागिरीचे, भातावर जीव. दैवाची थट्टा म्हणतात ती हीच. दोन आठवड्यांनी काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. झोप, चालणं, औषधाची वेळ, सगळ्याचा हात असतो.

पण असं होणं नवलाचं नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत एरान सेगल आणि एरान एलिनाव यांच्या गटाने २०१५ मध्ये ८०० माणसांना असेच सेन्सर लावले होते. तोच पदार्थ, पण साखर प्रत्येकाची निराळी. मग त्यांनी रक्ताचे आकडे, सवयी आणि आतड्यातल्या जंतूंची माहिती संगणकाला दिली. त्यावरून कोणाची साखर किती वाढेल याचा जो अंदाज आला, तो नुसती कर्बोदकं मोजून केलेल्या अंदाजापेक्षा बराच जवळ होता.

जंतूंचा साखरेशी काय संबंध? उसळीची टरफलं, भाकरीतला कोंडा, गवारीचे दोरे आपल्याला पचत नाहीत. ते तसेच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथली मंडळी ते आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. शिवाय ही आम्लं आतड्यातल्या काही पेशींना जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडायला लावतात; ते स्वादुपिंडाला इन्शुलिनसाठी हलवतं आणि जठर सावकाश रिकामं करतं. वजन उतरवायची जी इंजेक्शनं सध्या गाजतायत, ती ह्याच संप्रेरकाची नक्कल.

शांघायच्या झाओ लिपिंग यांनी २०१८ मध्ये मधुमेहींच्या दोन गटांना औषध एकच दिलं, पण एका गटाला भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचे तंतू (फायबर) खायला घातले. १२ आठवड्यांत त्या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त उतरली, आणि अशी आम्लं बनवणाऱ्या जंतूंचे १५ वाण वाढलेले दिसले. ‘तऱ्हेतऱ्हेचे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. रोज एकच ओट्स खाणाऱ्यांकडे मी त्यामुळे जरा संशयानेच बघते.

पुढचा प्रश्न ठरलेला: शिळा भात चालतो म्हणे? शिजवलेला भात थंड झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, हे खरं. इंडोनेशियातल्या एका प्रयोगात १०० ग्रॅम ताज्या भातात तो ०.६४ ग्रॅम होता. २४ तास फ्रिजमध्ये ठेवून गरम केल्यावर १.६५. म्हणजे वाढला एक ग्रॅम. फोडणीचा भात चवीसाठी खा. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, उलट्या घडवणारा जंतू तिथेच फोफावतो. इडलीचंही तेच: पीठ आंबवणारे जंतू वाफेत मरतात, ‘जिवंत जंतूंची इडली’ ही थाप आहे.

माझ्या पानात मूद लहान असते आणि शेजारी मटकी किंवा कुळथाची उसळ तिच्या दुप्पट. ही उसळ एकदम वाढवू नका. मी उत्साहात ती चूक केली आणि आठवडाभर पोट नगाऱ्यासारखं झालं होतं; जंतू आंबवतात तेव्हा वायूही सोडतात, त्याला हिंग तरी किती पुरणार! आता आठवड्याला अर्धी वाटी वाढवत आणलीय.

ह्यांनी सेन्सर पुन्हा लावायला साफ नकार दिलाय. पहिला खराब निघाला असणार, असं त्यांचं ठाम मत आहे.