लेकीचं ओसीआय आणि माझं माहेरचं नाव

"मॅडम, ओसीआय, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे डबल सिटिझनशिपच," एजंटने छातीठोकपणे सांगितलं आणि मी ते खरं धरून चालले. लेकीचा जन्म न्यू जर्सीचा, म्हणून ती अमेरिकन. आम्ही दोघं भारतीय. ती दोन वर्षांची असताना गाशा गुंडाळून दादरला परत आलो.

नियम स्वतः वाचायला बसले तेव्हा कळलं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच. ओसीआय म्हणजे, नावात 'सिटिझन' असला तरी, आजन्म व्हिसा. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीटसारख्या परीक्षांतून प्रवेशही एनआरआय जागांवरच. जन्मानंतर वर्षभरात वकिलातीत नोंद केली असती तर ती वंशाने भारतीय नागरिक ठरू शकली असती. पण त्यासाठी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. आम्ही तर ती दीड महिन्याची असतानाच तिचा अमेरिकन पासपोर्ट हौसेने काढून मोकळे झालो होतो!

फॉर्म ऑनलाइन. फोटो दोन बाय दोन इंच, मागची भिंत फिकट हवी पण पांढरी नको. सहीच्या चौकटीत अंगठा. स्टँप पॅडवर तिचं बोट टेकवलं की ती मूठ मिटायची. अकरा कागद वाया गेले, बाराव्यावर ठसा उमटला, आणि उरलेली शाई माझ्या कुर्त्यावर.

खरी गोची नावांची. जन्मदाखल्यावर आई म्हणून माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. दाखल्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात वापरायचा कागद खरा असल्याचा, सरकारी शिक्का मात्र नणंदेने तिथूनच करून पाठवला होता, तेवढं एक काम बिनबोभाट झालं. मूळ कागद घेऊन सीएसएमटीजवळच्या एफआरआरओत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, गेलो. टेबलापलीकडच्या बाईंनी दोन्ही नावांवर बोट ठेवून विचारलं, "ह्या दोघी तुम्हीच ना?" चूक माझीच, विवाह नोंदणीचा दाखला घरी कपाटात राहिला होता. तो घेऊन पुन्हा फेरी. त्यात माझं लग्नाआधीचं नाव होतं म्हणून निभावलं.

पंधरा हजार रुपये फी आणि बरेच दिवस वाट पाहिल्यावर पुस्तिका हातात आली. सासऱ्यांनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली.

"मग गुहागरची बाग हिला मिळायची नाही?"

"विकत घेता येणार नाही, बाबा. वारसाने येऊ शकते."

"म्हणजे मी गेल्यावर," ते म्हणाले आणि पेपर उघडून बसले.