तीनशे रुपयांची ओळ

जांबोटी-चोर्ला रस्त्यालगतच्या एका रिसॉर्टचा कारभार मी बघतो. भीमगड अभयारण्य हाकेवर, पुढे कणकुंबीला मलप्रभेचा उगम. सांडपाण्याचा एक थेंब ओढ्यात जाऊ द्यायचा नाही, हा मालकांचा पहिल्यापासूनचा हट्ट आणि मला तो मनापासून पटतो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक कुटुंब आलं. बुकिंगच्या वेळीच साहेबांनी विचारलेलं, "इको-फ्रेंडली आहे ना? प्लास्टिक नको आम्हाला." निघताना बिलावर त्यांचं बोट थांबलं: पर्यावरण शुल्क, रूममागे रोज 300 रुपये. आदल्या रात्रीच्या शेकोटीचे 1000 त्यांनी हूं की चूं न करता मान्य केलेले. इथे मात्र, "हे नेमके कशाचे?"

मी त्यांना स्वयंपाकघरामागे नेलं. गाळाची टाकी, तिच्यापुढे खडीचा वाफा, त्यात माणसाच्या उंचीची कर्दळ. बाथरूमचं साबणाचं पाणी एका टोकाला शिरतं. दुसऱ्या टोकाचं मी ओंजळीत धरून दाखवलं. वास नाही. ते बागेला जातं. हे काम करतात खडीतले जीवाणू, आणि ते जगवायचे तर फिनेल, ॲसिड बंद. मग फरशी हातानं घासायची, रूमला दुप्पट वेळ, म्हणून गावातल्या बायका जास्त ठेवल्यात. पाण्याच्या बाटल्या काचेच्या, त्या रोज उकळायच्या. पावसाळ्यात सोलर नुसता नावाला, तेव्हा बंब पेटवायचा. 'टॉवेल पुन्हा वापरा' एवढी पाटी लावून स्वतःला हिरवं म्हणवणाऱ्या हॉटेलांना यातलं काहीच करावं लागत नाही, याचा मला संताप येतो. पाटीला लोक मानतातही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 'याच रूममधल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला' असं लिहिल्यावर, नुसत्या पर्यावरणाच्या आवाहनापेक्षा जास्त जणांनी तो वापरला. पण टॉवेलला खिशातून काही जात नाही.

साहेबांनी सगळं नीट ऐकलं, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाले, "काम उत्तम आहे. भाड्यात धरलं असतंत तर मी विचारलंही नसतं. वेगळं लिहिलंत की वाटतं, तुमचं काम माझ्या गळ्यात घातलंय." पैसे देऊन गेले.

त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. सांडपाणी स्वच्छ करणं हे आमचंच काम. पण भाड्यात घातलं की बुकिंगच्या ॲपवर आम्ही शेजारच्यांपेक्षा तीनशेनं महाग दिसतो, आणि लोक स्वस्तापासून यादी लावून बघतात. तिथे कर्दळ दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. फोनवर इको-फ्रेंडली विचारणारेही शेवटी त्याच यादीतून येतात.

मी मालकांना सांगितलंय, शुल्काची ओळ काढा, भाडं वाढवा, आणि सामान रूमवर जायच्या आधी प्रत्येक पाहुण्याला तो वाफा दाखवू. मालक म्हणतात, वेगळं लिहिल्याशिवाय लोकांना किंमत कळत नाही. नाताळचं दरपत्रक त्यामुळे अजून छापायला गेलेलं नाही.