बेंजो पार्टीचा पहिला उन्हाळा (माझा अनुभव)

२०२४च्या गुढीपाडव्याला आम्ही स्वतःची बेंजो पार्टी काढली, म्हणजे हळदी-मिरवणुकांत वाजवणारं पथक. त्याआधी चार वर्षं मी दुसऱ्यांच्या पार्टीत पॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमवर) होतो, म्हणजे जायचं, वाजवायचं, पाकीट घ्यायचं नि घरी येऊन झोपायचं. स्वतःची पार्टी म्हणजे काय लफडं असतं ते तेव्हा कळलं असतं तर काढलीच नसती बहुतेक. पण काढली, आणि उन्हाळा निघाला, म्हणून लिहितोय, कोणाच्या डोक्यात असेल तर वाचा.

आम्ही पेण तालुक्यातले नऊ जण. बेंजो, कीबोर्ड, पॅड, ढोलकी, दोन कच्छी ढोल, ताशा, साईड ड्रम, आणि खुळखुळ्यावर माझा चुलतभाऊ, त्याला वाजवता काही येत नाही पण टेम्पो त्याचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचा बेंजो म्हणजे इंग्लिश पिक्चरमधला गोल बेंजो नाही. हा आडवा, लांबट, वर टाईपरायटरसारखी बटणं, एका हाताने बटणं दाबायची नि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. मूळचं जपानी वाद्य, १९१२मध्ये नागोयात कोणीतरी बनवलं, आपल्याकडे आलं नि बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप (तारांचा आवाज उचलणारा) लावून करंट दिला आणि आगरी-कोळी हळदीत ते असं काही बसलं की आता हळद म्हटली की बेंजो लागतोच.

तर हळदींच्याच जिवावर सगळं गणित मांडलं होतं, आणि पहिला दणका पंचांगाने दिला. त्या वर्षी गुरू आणि शुक्र दोघं मे महिन्यात एकदम अस्ताला गेले, त्यामुळे मे-जूनमध्ये मुहूर्तच नाहीत. काही लोकांनी काढीव, म्हणजे अडीनडीला काढलेले मुहूर्त धरले, पण बाकी सगळ्यांनी एप्रिलमध्ये घाई केली. म्हणजे एप्रिलमध्ये एकाच रात्रीच्या तीन तीन सुपाऱ्या येतायत आणि मेची पानं कोरी. पाडव्याला पार्टी काढताना हे कोणी बघितलंच नव्हतं, आमच्यात कॅलेंडर बघणारा एकच, तो ताशावाला, आणि तो बोलत नाही.

सुपारीचे पैसे, विसार, टेम्पोचं डिझेल, ट्रॉलीचं भाडं हे सगळं लिहायला एक वही केली आणि ती माझ्या गळ्यात पडली, कारण मी बी.कॉम. (नापास, पण बी.कॉम.).

पहिलीच हळद वडखळच्या अलीकडे. सुपारी अठरा हजार, विसार पाच, बाकी कार्यक्रम झाल्यावर, सगळं तोंडी. ट्रॉली म्हणजे स्पीकर नि जनरेटरची गाडी, ती चार हजार भाड्याने. ठरलं होतं सातला सुरू. पाहुणे आले साडेआठला, नवरदेव आला नऊला, कारण गोवा हायवेचं काम, ते आम्ही शाळेत असल्यापासून चालू होतं. म्हणजे खरी हळद सुरू झाली तेव्हा आमच्या हातात एक तास. रात्री दहाला बंद हा नियम सगळ्यांना माहीत आहे, पण लोकांना वाटतं तो फक्त लाऊडस्पीकरचा, म्हणून दहाला ट्रॉली बंद केली की "ढोल वाजवा ना नुसता" चालू होतं. तसं नाही, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्यं पण चालत नाहीत. हे मी हळदीने माखलेल्या, जरा घेतलेल्या सहा मामांना समजावत होतो आणि गेटवर हवालदार उभे. नवरदेवाचा बाप म्हणे, मग अठरा हजार कसले, तासभर वाजवलंत.

तेवढ्यात आतून धवलारीण आली, म्हणजे धवले, लग्नविधींची पारंपरिक गाणी, म्हणणारी बाई. सत्तरीची असेल, नाकात नथ, हातात काही नाही. म्हणाली, "तुमचा झाला ना बाला, आता आमाला गाऊ दे." मांडवात बसली, बाजूला चार बाया, आणि धवला सुरू केला. माईक नाही, काही नाही. तीच ओळ ती म्हणायची, बायका उचलायच्या, परत ती. जे मामा आमच्या अंगावर येत होते ते खुर्च्या ओढून गप बसले. आमचा ढोलकीवाला तिथेच मांडी घालून बसला, मांडीवर बोटं फिरवत होता, ढोलकीला हात नाही लावला. मी आयुष्यात शंभर हळदी वाजवल्या असतील पण धवला पूर्ण बसून कधी ऐकला नव्हता, कारण आम्ही तेव्हा वायरी गुंडाळत असतो. अकरा वाजता बाकीचे तेरामधले दहा मिळाले. तीन हजार राहिले. वहीत लिहिले, लाल पेनने.

त्यानंतर वेळ आधी बोलून घ्यायला लागलो. पाहुणे येवोत न येवोत, आमचा मीटर सातला चालू. लोकांना राग येतो, पण दहाला भांडण होत नाही.

रामनवमी १७ एप्रिलला, जन्म दुपारी बाराचा, मिरवणूक भर उन्हात, आणि त्याच आठवड्यात ठाणे-रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा. उन्हात तारा तापून सैल पडतात नि बेंजो हळूहळू उतरतो, कीबोर्ड तर आपल्या पट्टीत पक्का, मग दोघं असे वाजतात की नवरा-बायको भांडतायत. बेंजोवाल्याने चालता चालता तार कसली आणि ती टाण्णकन तुटून त्याच्या गालावर. रक्ताचा बारीक ओरखडा. देवळातल्या काकांनी अंगाऱ्याची चिमूट लावली नि म्हणाले चला, पालखी थांबत नाही. तेव्हापासून जोडीला दुसरा बेंजो, जुना, चार हजाराचा, वहीत खर्च. हनुमान जयंती त्या मानाने मजेत, जन्म सूर्योदयाचा, सूर्य सव्वासहाच्या सुमारास, म्हणजे मारुतीला नियमाचा काही त्रास नाही.

मेचा पहिला आठवडा लोकसभेच्या प्रचारफेऱ्यांनी भरला. रायगडचं मतदान ७ मेला, मावळचं १३ला, त्यामुळे इथलं संपलं की उरण-पनवेलकडे काम. पैसे "कार्यकर्ता देईल". कार्यकर्ते बदलत राहिले. यावर जास्त लिहीत नाही.

सगळ्यात लक्षात राहिली ती उरणजवळच्या करंजा गावातली पूजा. टेम्पो गॅरेजला, पूजावाले म्हणाले साउंड आमचा आहे, तुम्ही फक्त या. रस्त्याने पेणवरून फिरून जायचं तर दुसरा टेम्पो परवडत नव्हता, अलिबागला आदल्या रात्री वाजवलंच होतं, म्हणून रेवसला आलो नि लाँचने खाडी ओलांडायचं ठरवलं. भरतीची वेळ विचारली नाही. ओहोटीला बोट धक्क्याला लागेना, दोन तास नऊ जण ढोलांवर बसून चिखलातले खेकडे बघत. मग बोट आली तर तो म्हणे ढोलाचं तिकीट वेगळं. चुलतभाऊ म्हणाला, खुळखुळ्याचं पण काढ मग. बेंजो मी मांडीवर घेतला होता, आईच्या जुन्या गोधडीत, खारं पाणी उडलं की तारा गंजतात. वाऱ्याने ढोलकीचं पान दमट होऊन एकदम ढब्ब वाजायला लागलं, पलीकडे उतरल्यावर एका घरच्या चुलीपुढे धरून शेकली. पण करंजाला जेवण काय दिलंय, बोंबलाचं कालवण नि तांदळाची भाकरी, ताशावाला पहिल्यांदा बोलला, "अजून आहे का?"

जूनच्या पहिल्या जोरदार सरीत ट्रॉलीवर ताडपत्री टाकून शेवटचा कार्यक्रम केला आणि वही काढली. दोन महिने, सत्तावीस कार्यक्रम, खर्च वजा जाता माणशी साधारण साडेनऊ हजार. ढोलवाल्याने दोनदा बेरीज करायला लावली, दोन्ही वेळा तेवढीच आली. लाल पेनने लिहिलेलं वेगळं, ते धरलं नव्हतं.

जुलैमध्ये वडखळवाल्या नवरदेवाच्या बापाचा फोन. गणपतीला, विसर्जनाला याल का, किती घ्याल? मी म्हटलं काका, आधीचे तीन हजार राहिलेत. तो म्हणाला, "अरे मग, ते धरूनच सांग ना."